कापडी फलक आणि हातांचे मोल

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रामपंचायतीच्या कार्यालयात किंवा शाळेच्या व्हरांड्यात पाऊल टाकताच जी वस्तू प्रथम दृष्टीस पडावयास हवी, ती म्हणजे सूचनाफलक. प्रत्यक्षात तो दृष्टीस पडतो; पण वाचला मात्र जात नाही. रंग उडालेली फळी, गंजलेल्या टाचण्या, गतवर्षीच्या परिपत्रकावर चिकटविलेले यंदाचे परिपत्रक आणि त्यावर एखाद्या मेळाव्याची जाहिरात, असे त्याचे रूप बहुतेकांच्या परिचयाचे आहे. एखाद्या योजनेच्या अर्जाची अखेरची तारीख त्या जाहिरातीखाली दडून राहते आणि तारीख उलटून गेल्यावर अर्जदार कार्यालयाची पायरी चढतो. तोवर त्याचा हक्क एका वर्षाने लांबलेला असतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 याच्या चौथ्या कलमात लोकांपर्यंत माहिती कोणकोणत्या साधनांनी पोहोचवावी हे सांगितले आहे. त्या यादीत सूचनाफलकाचे नाव सर्वांत आधी येते; वृत्तपत्रे, जाहीर निवेदने, प्रसारमाध्यमे आणि इंटरनेट त्यानंतर येतात. आज गावोगावी भ्रमणध्वनी पोहोचले आहेत आणि निरोपही त्यावरून जातात, हे खरे. परंतु ज्या घरात एकच दूरध्वनी आहे आणि तोही दिवसभर शेतावर किंवा शहरात असतो, त्या घरातील गृहिणीला, वृद्धाला आणि विद्यार्थ्याला भिंतीवरचा फलकच उपयोगी पडतो. म्हणूनच आजच्या विवेचनाचा विषय वरवर पाहता लहान वाटला, तरी तो गावाच्या कारभाराशी निगडित आहे. गावातील हातांनी, गावातीलच कापडापासून तयार झालेला सूचनाफलक आणि त्याच कौशल्यातून होणाऱ्या साध्या भेटवस्तू, हा तो विषय होय.

परंपरेचा धागा

जुन्या कापडाला नवे रूप देण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. जीर्ण लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी, जिला पश्चिम महाराष्ट्रात वाकळ म्हणतात, ती घराघरांत होती व आजही आहे. बंजारा तांड्यांवरील स्त्रियांचे आरसे व कवड्या जडविलेले भरतकाम सर्वांच्या परिचयाचे आहे. दारावरील कापडी तोरण, पानसुपारीचा बटवा, रुखवतात मांडलेले विणकाम ही सारी याच हातांची निर्मिती होय.

या कौशल्याला शिक्षणाची जोड देण्याचे प्रयत्नही येथे लवकर झाले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात स्त्रियांना स्वावलंबी करण्यासाठी शिवणकाम शिकविले जाई. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेने तर हस्तोद्योग हाच शिक्षणाचा गाभा असावा, असा विचार देशापुढे मांडला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालविता यावेत, अशी शिफारस आहे. सुतार, कुंभार, माळी यांच्याबरोबर गावातील शिवणकाम जाणणाऱ्या भगिनीलाही या दहा दिवसांत शिक्षकाचे स्थान देता येईल.

फलक कसा करावा

कापडी फलकाचे वैशिष्ट्य असे की, त्यावर कागद लावण्यासाठी टाचणीची गरज उरत नाही. कापडावर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या फिती ताणून बसविलेल्या असतात. कागद फितीखाली सरकविला की तो तेथेच राहतो आणि काढावयाचा झाल्यास फाटत नाही. लहान मुलांच्या वर्गात टाचण्या खाली सांडण्याचे भय राहत नाही, हा आणखी एक लाभ.

साठ सेंटिमीटर रुंद व नव्वद सेंटिमीटर लांब असा फलक बहुतेक कार्यालयांना व वर्गांना पुरेसा होतो. आधारासाठी प्लायवूडच्या दुकानात मिळणारा बारा मिलिमीटर जाडीचा सॉफ्टबोर्ड घ्यावा आणि त्याच्या मागील बाजूस कडेने लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकून घ्यावी. खिळे या चौकटीत घट्ट बसतात. खर्च टाळावयाचा असल्यास खोक्यांचा पन्हळी पुठ्ठाही चालतो. मात्र त्याचे तीन-चार थर एकमेकांवर चिकटवावे लागतात. एका थराच्या पन्हळी उभ्या व पुढच्या थराच्या आडव्या ठेवाव्यात आणि रात्रभर त्यावर वजन ठेवावे, म्हणजे पुठ्ठा वाकत नाही. पुठ्ठ्यात खिळा धरत नसल्याने कापडाच्या कडा मागील बाजूस जाड दोऱ्याने एकमेकींकडे ओढून बांधाव्यात. थर्माकोलचा मोह टाळावा. सजावटीसाठी त्याच्या वापरावर राज्यात 2018 च्या अधिसूचनेने बंदी घातलेली आहे.

कापड सुती व घट्ट विणीचे असावे. खादी, मांजरपाट किंवा जुन्या सोलापुरी चादरीचा चांगला राहिलेला भाग उत्तम. गडद निळा, हिरवा किंवा किरमिजी रंग असला म्हणजे त्यावर पांढरा कागद उठून दिसतो. फुलाफुलांचे छापील कापड दुकानात मन मोहविते, पण फलकावर ते अक्षरांशी स्पर्धा करते. नवे कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. हे न केल्यास पुढे दमट हवेत ते आटते किंवा सैल पडते आणि फलकाला सुरकुत्या येतात.

कापड फलकापेक्षा प्रत्येक बाजूस पाच सेंटिमीटर अधिक, म्हणजे सत्तर सेंटिमीटर रुंद व शंभर सेंटिमीटर लांब कापावे. फलकावर प्रथम जुन्या धाबळीचा किंवा शालीचा एक थर पसरावा, त्यामुळे पृष्ठभाग मऊ होतो व फिती चांगल्या ताणल्या जातात. त्यावर कापड घालून फलक पालथा करावा. पहिला खिळा एका बाजूच्या मध्यभागी, दुसरा समोरच्या बाजूच्या मध्यभागी, मग उरलेल्या दोन बाजूंच्या मध्यभागी, असा क्रम ठेवून कोपऱ्यांकडे सरकत जावे. एका कोपऱ्यापासून सुरुवात केल्यास कापड तिरपे ओढले जाते आणि ही चूक मागाहून सुधारता येत नाही. कोपऱ्यांची घडी पाकिटाच्या घडीसारखी चपटी बसवावी.

यानंतर फितींचे काम. जुन्या साडीचे काठ येथे फार शोभून दिसतात आणि टिकतातही. एकंदर पाच मीटर फीत पुरते: एकशेवीस सेंटिमीटरचे दोन तुकडे आणि पासष्ट सेंटिमीटरचे चार. दोन मोठे तुकडे समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडावेत. चार लहान तुकड्यांनी लगतच्या बाजूंचे मध्यबिंदू एकमेकांना जोडावेत. अशा रीतीने फलकावर पाच ठिकाणी फिती एकमेकींना छेदतात. त्या प्रत्येक ठिकाणी कापडाने मढविलेले एक बटण ठेवून दाभणाने जाड दोरा आरपार ओवावा आणि मागे गाठ मारावी. शेवटी मागील बाजू अस्तराने झाकून दोन मजबूत कड्या बसवाव्यात. शिवणकामाचा सराव असलेल्या दोन व्यक्तींना या कामास साधारणतः दोन तास लागतात.

शाळेसाठी याच धर्तीवर खिशांचा फलक करता येतो. एका मोठ्या कापडावर ओळीने खिसे शिवून प्रत्येकावर विद्यार्थ्याचे नाव धावदोऱ्याने काढावे. त्याचे निबंध, चित्रे व चिठ्ठ्या त्यात राहतात. ग्रामपंचायतीत हेच खिसे निरनिराळ्या योजनांच्या कोऱ्या अर्जांसाठी उपयोगी पडतात. ज्यांना वाचनाचा सराव नाही त्यांच्यासाठी प्रत्येक खिशावर कापडी तुकड्यांचे चित्र शिवावे: पाणीपुरवठ्यासाठी नळ, शेतीसाठी कणीस, शाळेसाठी पुस्तक. चित्र पाहून नेमका अर्ज मागता येणे, हा अक्षरओळख नसलेल्या माणसाच्या दृष्टीने मोठाच दिलासा असतो.

फलकाची निगा

कापडी फलक आतील भिंतीसाठी आहे. पावसाची झड जेथे येते तेथे तो लावू नये. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात भिंती ओल धरतात. तेथे फलक व भिंत यांच्यामध्ये लाकडाचे दोन ठोकळे ठेवून हवा खेळती राहू द्यावी, अन्यथा बुरशी येते. विजेच्या बटणांजवळ व दिव्याखाली कापड कधीही टांगू नये. घरी केलेल्या पिठाच्या खळीला झुरळे व कसर लवकर लागते. बांधणी करणारे कारागीर यावर उपाय म्हणून खळीत मोरचूद घालतात. पण मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या हाती अशी खळ मुळीच देऊ नये.

फलकाचा मध्य वाचणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यावा. प्राथमिक शाळेत ही पातळी मुलांची असते, मुख्याध्यापकांची नव्हे. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लावल्याची व काढावयाची तारीख लिहावी आणि आठवड्यातील एक दिवस निश्चित करून जुने कागद उतरवावेत. ही शिस्त नसेल तर सुंदर फलकाची गतही जुन्या फळीसारखीच होईल. ग्रामसभेची सूचना, तिचे इतिवृत्त आणि गावाचा जमाखर्च यांसाठी फलकाचा ठरावीक भाग राखून ठेवला, तर लोकांच्या नजरेला तेथे वळण्याची सवय लागते. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होणाऱ्या ग्रामसभांपूर्वी तो भाग कोरा दिसता कामा नये.

साध्या भेटवस्तू

फलक करताना कापडाचे तुकडे उरतातच. शिंप्याच्या दुकानातील कातरणही सहज मिळते. त्यातून अनेक लहान वस्तू होतात. दोन बोटे रुंदीची, आत जाड कापड घालून शिवलेली पुस्तकखूण ही सर्वांत सोपी. नाडी ओढून बंद होणारा बटवा, टाचण्यांची गादी, कापडी वेष्टनाची वही, चष्म्याचे घर, बाजाराची पिशवी आणि दाराचे तोरण हे त्यापुढचे टप्पे. धावदोरा, पक्की टीप, काजटाका आणि साखळीटाका हे चार टाके ज्याला नीट येतात, त्याला या सर्व वस्तू करता येतात. मुलगे आणि मुली या दोघांनाही ते शिकवावेत. सुटलेले बटण लावावयास येणे हा केवळ मुलींचा गुण मानण्याचा काळ मागे पडला आहे.

शाळा व कार्यालये यांमध्ये वर्षभर सत्कार, निरोपसमारंभ, बक्षीस वितरण असे प्रसंग येत असतात. त्यावेळी दिली जाणारी प्लॅस्टिकची स्मृतिचिन्हे कपाटावर धूळ खात राहतात आणि पुष्पगुच्छ सायंकाळी कोमेजतात. निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला त्याच्या विद्यार्थ्यांनी शिवलेल्या वेष्टनाची वही मिळाली, तर ती तो वापरील. समारंभाच्या नावाचे फलकही कापडावर रंगविता येतात. शंभर मायक्रॉनपेक्षा कमी जाडीच्या प्लॅस्टिक व पीव्हीसी फलकांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, याचेही स्मरण ठेवावयास हवे.

येथे एक विवेक मात्र पाळावा. वारली चित्रे किंवा बंजारा भरतकाम यांसारख्या कला विशिष्ट समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केल्या आहेत. अशा नक्षीची वस्तू हवी असेल तेव्हा ती त्या समाजातील कारागिरांकडूनच करवून घ्यावी. नक्कल स्वस्त पडते, पण तिच्यामुळे मूळ कारागिराच्या हातचे काम जाते.

हातांच्या वेळेचा हिशेब

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक दुर्लक्षित भाग आता येतो. राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना 24 फेब्रुवारी 1975 रोजी झाली. 2011 पासून 'उमेद' या नावाने ओळखले जाणारे ग्रामीण जीवनोन्नती अभियान कार्यरत आहे. या प्रयत्नांतून बचत गटांची चळवळ खेड्यापाड्यांत रुजली. 'महालक्ष्मी सरस' सारख्या प्रदर्शनांतून त्यांच्या वस्तूंना शहरातील ग्राहकही लाभतो. तरीही अनेक गटांच्या हिशेबवहीत साहित्याचा खर्च लिहिलेला असतो आणि वेळेचा रकाना रिकामा असतो.

उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. समजा, एका फलकाला सॉफ्टबोर्ड, कापड, फीत व इतर साहित्य मिळून 300 रुपये लागले. झीज, बांधणी व वाहतूक यांचे 40 रुपये झाले. दोघींचे दोन-दोन तास मिळून चार तास लागले. गटाने तो फलक 350 रुपयांना विकला आणि साहित्य वजा जाता 50 रुपये सुटले म्हणून समाधान मानले. प्रत्यक्षात इतर खर्च वजा जाता उरले अवघे 10 रुपये. चार तासांचे 10 रुपये, म्हणजे तासाला अडीच रुपये! इतक्या मोलाने कोणी दुसऱ्याच्या शेतावर क्षणभरही राबणार नाही; स्वतःच्या घरात मात्र तेच मोल आनंदाने स्वीकारले जाते, कारण ते कागदावर मांडलेलेच नसते. तासाला 50 रुपये धरले, तर मजुरी 200 रुपये होते, एकूण खर्च 540 रुपयांवर जातो आणि त्यावर एक दशांश नफा धरता विक्रीची किंमत सुमारे 600 रुपये येते.

600 रुपयांना फलक कोण घेईल, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो. त्याचे उत्तर नेटकेपणात आहे. गटाची वस्तू प्रदर्शनात एकदा कौतुकापोटी विकली जाते. दुसऱ्यांदा ती विकली जाते फक्त कामाच्या गुणावर. कोपरा उचकटलेला, फीत सैल, मागे खिळ्यांची टोके उघडी, असा फलक घेणारा ग्राहक पुन्हा फिरकत नाही आणि इतर गटांविषयीही त्याचे मत कलुषित होते. म्हणून प्रत्येक वस्तू दुसऱ्या सदस्येने तपासावी आणि सदोष असेल तर ती उसवून पुन्हा करावी. एकाच मापाचे पाच फलक एकत्र कापले तर कापडही वाचते आणि प्रत्येकामागचा वेळही कमी होतो. किंमत खाली आणण्याचा हाच प्रामाणिक मार्ग आहे. मजुरी सोडून देऊन किंमत कमी करणे म्हणजे आपल्याच घरातील श्रमाची लूट करणे होय.

कोणी काय करावे

प्रथम शिक्षकांविषयी. कार्यानुभवाच्या तासाला सांगितलेली वस्तू रात्री जागून आईने करावी आणि सकाळी मुलाने ती स्वतःची म्हणून शाळेत आणावी, हा प्रकार सर्वांना ठाऊक आहे. त्यात मुलाला कौशल्य लाभत नाही आणि वर न केलेल्या कामाचे श्रेय घेण्याची सवय लागते. म्हणून वस्तू वर्गातच घडावी, साहित्य घरातील जुन्या कापडाचे असावे आणि गुण सफाईइतकेच प्रयत्नाला द्यावेत. वाकडा टाका मुलाचा स्वतःचा असेल, तर पुढचा टाका सरळ येण्याची आशा असते.

पंचायत सदस्यांनी आपल्या कार्यालयासाठी, अंगणवाडीसाठी आणि शाळेसाठी लागणारे फलक गावातील गटाकडून घेण्याचा विचार करावा. खरेदीचे नियम पाळून, दर ठरवून, रीतसर पावती घेऊन हे करता येते. गटाला मिळणारी पहिली मागणी गावातूनच आली, तर कामाला सुरुवात होते आणि चुका सुधारण्याची संधीही मिळते. मात्र, फुकट करवून घेण्यासाठी गटाला 'सेवाभावा'ची आठवण करून देऊ नये. गवंड्याला व सुताराला जशी मजुरी मिळते, तशीच ती शिवणाऱ्या हातांनाही मिळावयास हवी.

अधिकाऱ्यांनी प्रशिक्षणाच्या कार्यक्रमात टाक्यांबरोबर हिशेबाचाही एक तास अवश्य ठेवावा. किती महिलांना शिकविले हा आकडा अहवालात येतोच. सहा महिन्यांनी त्यांपैकी किती जणींच्या हाती मजुरी पडली, हेही त्याच अहवालात लिहिले जावे.

बंधुभगिनींनो, एका फलकाने गावाचा कायापालट होईल, असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु गावातील एखाद्या भगिनीने शिवलेला फलक पंचायतीच्या भिंतीवर लागला, त्याचे योग्य मोल तिच्या हाती पडले आणि दुसऱ्या दिवशी त्याच फलकावर तिच्या शेजारणीने आपल्या हक्काच्या योजनेची तारीख वेळेवर वाचली, तर त्या कापडाचे सार्थक झाले असे म्हणता येईल. जुन्या साडीचे काठ प्रत्येक घरात आहेत आणि सुई धरणारे हातही आहेत. पुढील ग्रामसभेची सूचना लावण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या कार्यालयातील फलकासमोर क्षणभर उभे राहावे आणि त्यावरील सर्वांत जुन्या कागदाची तारीख वाचावी. कामास आरंभ तेथूनच करता येईल.